मगर पाहिलेल्या माणसाची गाडी

माझ्या वडिलांनी आयुष्यभर लोकांवर अविश्वास ठेवण्याचा पगार घेतला. ते पुण्यात मोटार विम्याचे सर्व्हेअर होते. कोणाची गाडी ठोकली गेली की ती खरंच ठोकली गेली का, झाडावर ठोकली की मेव्हण्याच्या ट्रकवर, आणि मुळात ही तीच गाडी आहे का, हे बघायला त्यांना पाठवत. ते निवृत्त झाले, पण त्यांच्या मनातली शंकेची पाल काही निवृत्त झाली नाही. दरवर्षी ते आणि आई माझ्याकडे सिंगापूरला थोडे महिने राहायला येतात. इथे सेम्बावांगच्या मार्केटात पपई विकणाऱ्या बाईला बाबा विचारतात, "ही आज कापली की काल?" ती मंदारिनमध्ये काहीतरी उत्तर देते, आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणतात, "खोटं बोलतेय."

आईचं दुखणं वेगळं. माझ्याकडे गाडी नाही. सिंगापुरात गाडी बाळगायची तर पुण्यात फ्लॅट येईल एवढे पैसे नुसत्या परवान्यात जातात, आणि माझी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, दारातून सुटते. पण दसऱ्याला वाहनाची पूजा करायची म्हणजे करायची. गेल्या दसऱ्याला आईने शेवटी माझ्या बाजारहाटाच्या दोन चाकी ट्रॉलीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि नंतर आठवडाभर ती माझ्याशी तुटक बोलत होती. "देवीला काय तोंड दाखवू? लेक मॅनेजर, आणि पूजा कसली, तर भाजीच्या ट्रॉलीची."

त्यामुळे या वर्षी आल्यावर आठवड्याच्या आतच बाबा सकाळच्या फेरीवरून धापा टाकत घरी आले आणि म्हणाले, "तुमच्या कारपार्कात एक भयंकर संशयास्पद गाडी आहे," तेव्हा दोघांचे डोळे चमकले. बाबांचे 'संशयास्पद' या शब्दाने, आईचे 'गाडी' या शब्दाने. मी ऑफिसच्या कॉलवर होते. मी कपाळावर हात मारून घेतला, कारण पुढचे काही आठवडे कसे जाणार ते मला त्याच क्षणी कळलं होतं.

गाडी आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या चिनी अंकलची होती. अंकल विधुर, सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत जन्मभर काम करून निवृत्त झालेले. लिफ्टमध्ये भेटले की मान हलवायचे, त्यापलीकडे माझी ओळख नव्हती. त्यांची गाडी बहुमजली कारपार्कच्या कोपऱ्यात राखाडी कापडाखाली झोपलेली असे. कापडाखाली काय आहे हे मी पाच वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. बाबांनी पाचव्या दिवशी पाहिलं.

ती एक मसल कार होती. म्हणजे सत्तरच्या दशकातली लांब नाकाची, दोनच दारांची, पोटात राक्षसी इंजिन घातलेली गाडी. या गाड्या बहुतेक अमेरिकेच्या, पण ही ऑस्ट्रेलियात बनलेली, म्हणून स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे. रंग कैरीसारखा हिरवा, अंगावर काळे पट्टे. जुनी गाडी म्हणून वर्षातले मोजकेच दिवस तिला रस्त्यावर आणायची परवानगी. उरलेले दिवस अंकल तिला पुसत बसत.

"हिचं काय संशयास्पद आहे?" मी बाबांना विचारलं.

"ते अंकल म्हणतात, लोक हिला नकली म्हणतात. आणि त्यांना ते खरं की खोटं, कळत नाहीये," बाबा म्हणाले. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी खालच्या कॉफीशॉपमध्ये अंकलनी सगळं सांगितलं. दोघेही म्हातारे एकमेकांना 'अंकल' म्हणत होते, कारण इथे तशीच पद्धत, आणि दोघांच्या इंग्रजीचा सूर इतका वेगळा होता की मधेमधे मलाच दुभाषी व्हावं लागत होतं.

या मॉडेलच्या साध्या गाड्या पुष्कळ निघाल्या. पण शर्यतीचं इंजिन घातलेल्या खास गाड्या अगदी थोड्या. लोक साध्या गाडीवर काळे पट्टे ओढून, खोटे बिल्ले चिकटवून ती खास म्हणून मिरवतात. अंकलची गाडी आधी त्यांच्या गोदीतल्या एका मलाय मित्राची होती. मित्राचं म्हणणं असं, की ही अस्सल खास गाडी आहे, इथल्याच डीलरच्या शोरूममध्ये कोरी आली, सेम्बावांगच्या नाविक तळावरच्या एका ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याने घेतली, आणि तो मायदेशी परत जाताना मित्राला देऊन गेला. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लोकांनी हे ऐकून हसून घेतलं. या एकाच मॉडेलचा ध्यास घेतलेले एक निवृत्त शिक्षक ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांनी फोटो बघून कळवलं होतं, "तिकडे अशा फार तर एकदोन गाड्या गेल्या, आणि त्या कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही. तुमची बहुधा साधी गाडी, वरून सजवलेली."

"तुम्हाला विकायची आहे का?" बाबांनी विचारलं.

"विकणार कशाला, लाह?" अंकल इथल्या सवयीने शेवटी 'लाह' जोडत म्हणाले. " मी मेलो की मुलगा विकेल."

"मग अस्सल की नकली, फरक काय पडतो?"

अंकलनी कॉफीत चमचा फिरवला. "माझा मित्र थापाड्या होता, अंकल. गोदीत सगळ्यांना ठाऊक. लहानपणी इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात अंडी उकडायला गेला, तर म्हणे झुडपातून मगर आली आणि त्याची अंडी खाऊन गेली. हाँगकाँगच्या एका नटीने म्हणे त्याच्याकडे छत्री मागितली. रोज एक लोणकढी थाप. आम्ही हसायचो, तोही हसायचा. माझ्या बायकोबद्दलसुद्धा एक होती. ती म्हणे लग्नाआधी गोदीच्या कँटीनमध्ये त्याच्याकडे चौकशी करायला आली होती, की हा माणूस कसा आहे? आणि त्याने सांगितलं, अख्ख्या गोदीतला सगळ्यात कंटाळवाणा माणूस आहे, डोळे मिटून लग्न कर."

आम्ही खो खो हसलो. अंकलही हसले. "बायकोला विचारलं की ती हसून स्वयंपाकघरात निघून जायची. हो नाही, काही नाही."

मग त्यांचं हसू विरलं. "पण हॉस्पिटलमध्ये शेवटी त्याने माझा हात धरला. म्हणाला, बाकी सोड, गाडीचं मात्र खरं आहे. शपथ घेतली. मरतानाही माणूस थाप मारेल का, अंकल? मला एवढंच कळायला हवं आहे."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ही त्यांची क्लेम हातात घेण्याची रीत. "दावेदार हयात नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "वस्तू मात्र आहे. वस्तू बोलते."

मला मनातून धडकीच भरली. बाबांच्या कारकिर्दीत वस्तू बहुतेक वेळा दावेदाराच्या विरुद्धच बोललेली होती. ही गाडी नकली ठरली, तर वरच्या मजल्यावरच्या एका एकट्या माणसाचा उरलासुरला मित्र माझ्या बापाच्या हातून जाणार, आणि लिफ्टमध्ये मी त्यांना तोंड कसं दाखवणार? मी घरी येऊन बाबांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "मग काय, न बघताच खरं म्हणू?" मी म्हटलं, "म्हटलं तर काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमा कंपनी लुटायला निघाले आहे.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. बाबा टॉर्च, लोहचुंबक आणि माझी योगा मॅट घेऊन कारपार्कात जाऊ लागले. मॅट गाडीखाली झोपण्यासाठी. तिच्यावर अजूनही ग्रीसचा एक डाग आहे आणि शवासनात माझं नाक बरोबर त्यावर येतं. लोहचुंबक कुठे पुटी भरली आहे ते बघायला. जिथे पत्रा असेल तिथे चुंबक चिकटतं, पुटीवर घसरतं. अंकल स्टुलावर बसून हे पाहत आणि त्यांच्या जिवाचं पाणी पाणी होई. बाबांना रंग खरवडायची मात्र त्यांनी सक्त मनाई केली होती. हा हिरवा रंग मित्राने स्वतः गोदीतल्या स्प्रेगनने दिला होता, त्याला नख लागता कामा नये.

पहिला पुरावा डिकीत मिळाला. मित्र म्हणायचा, डीलरने डिकीवर आपला पितळी बिल्ला ठोकला होता, मी तो काढून टाकला, फुकटची जाहिरात कशाला करू. बाहेरून डिकी गुळगुळीत होती. बाबांनी झाकणाला आतून टॉर्च तिरपा धरला, बोट फिरवलं, चुंबक लावलं, आणि ओरडले, "इकडे या!" पुटीने बुजवलेली दोन बारीक भोकं. बरोबर जिथे बिल्ला असायला हवा तिथे.

"म्हणजे खरं?" अंकल स्टुलावरून उठलेच.

"म्हणजे इथे कुठल्यातरी डीलरचा बिल्ला होता," बाबा म्हणाले. "गाडी कुठली, ते अजून ठरायचं आहे." अंकल परत बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्या तेवढ्यावर माणसाला खूश करायला यांच्या बापाचं काय जात होतं?

खरा निकाल इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर होता. तिथे कारखान्यात नंबर ठोकलेला असतो, आणि त्याची सुरुवातीची अक्षरं कळली की गाडी साधी की खास ते कळतं. पण मित्राने इतक्या प्रेमाने, इतका जाड रंग दिला होता की अक्षरं त्यात बुडून गेली होती. बाबांनी आपल्याकडचा उपाय केला. नंबरावर पेन्सिल घासायची, वर सेलोटेप चिकटवायची, आणि टेप कागदावर उतरवायची. असे ठसे त्यांनी आयुष्यात हजारो घेतले असतील. शेवटचे आकडे कसेबसे उमटले, पण सुरुवातीला नुसता काळा डाग आला. पुन्हा पुन्हा केलं, तरी डागच. ऑस्ट्रेलियातल्या गुरुजींना तो ठसा पाठवला, तर त्यांनी कळवलं की यावरून काहीही सांगता येणार नाही.

बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. "खोटं निघालं असतं तरी चाललं असतं," ते म्हणाले. "हे अधांतरी राहणं वाईट. आता अंकल जन्मभर त्याच गोष्टीत घुटमळणार." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांचाही जीव टांगणीला लागला होता. इतके दिवस मला वाटत होतं की हा त्यांचा सुट्टीतला खेळ आहे.

आणि मग दसरा आला. रविवारचाच आला. इतके दिवस गप्प राहून आईने आपली मोर्चेबांधणी पूर्ण केली होती. लिटिल इंडियातून झेंडू आणून झाले होते, आणि परस्पर अंकलना विचारूनही झालं होतं. कसं विचारलं असेल, देव जाणे, कारण आईचं इंग्रजी म्हणजे हातवारे आणि हसू. अंकल म्हणाले, "कॅन, कॅन. ब्लेसिंग, वाय नॉट?" कारपार्कात नारळ फोडायचा नाही आणि उदबत्ती लावायची नाही, या माझ्या दोन अटी. आईने दोन्ही मान्य केल्या आणि टायरखाली लिंबं ठेवायची तिसरी गोष्ट मला सांगितलीच नाही.

त्या दिवशी ती गाडी काय दिसत होती! हिरव्या नाकावर केशरी माळ. अंकलनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, ओवाळलं, आणि म्हणाली, "आता हे उघडा. पूजा यंत्राची असते, पत्र्याची नव्हे."

अंकलनी बॉनेट उघडलं. आईने इंजिनाकडे पाहिलं. सगळीकडे तेल, नळ्या, तारा. कुंकू लावायला स्वच्छ, सपाट अशी एकच जागा दिसत होती. तिने तेलात कालवलेलं कुंकू चांगलं बोटभर घेतलं आणि मागच्या पत्र्यावर ठसठशीत स्वस्तिक काढायला घेतलं. बरोबर नंबरावर.

"अगं काय करतेस!" बाबा किंचाळले. "तोच पुरावा आहे!"

"पुरावा तुमच्याजवळ ठेवा. देवाला जागा लागते."

बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि घाईघाईने पत्रा पुसला. एकदा आडवा, एकदा उभा. आणि तिसऱ्यांदा पुसायला उचललेला हात तसाच राहिला. वरचं कुंकू रुमालावर आलं होतं. पण रंगाखाली बुडालेल्या खाचांमध्ये, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हतं आणि पेन्सिल वरून घसरत होती, तिथे कुंकू बसलं होतं. हिरव्या पत्र्यावर लालभडक अक्षरं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी.

आई म्हणाली, "आता तरी माझी पूजा पुरी करू देणार का?"

मी फोटो काढून ऑस्ट्रेलियाला पाठवला. खाली काय लिहू ते सुचेना, म्हणून लिहिलं, 'लाल रंगाकडे दुर्लक्ष करावं, धार्मिक कारण आहे.'

अंकलना आईने जेवायला बोलावलंच होतं. आम्ही श्रीखंड-पुरीला बसलो होतो. अंकल पुरीचा तुकडा मोडून श्रीखंडात बुडवायला नुकतेच शिकले होते आणि चवीवर जाम खूश होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. गुरुजींनी उत्तर न लिहिता थेट फोन केला होता. मी स्पीकर लावला. ती अक्षरं खास गाडीचीच होती. कारखान्याच्या नोंदीत त्या नंबरापुढे सिंगापूरच्या डीलरचं नाव होतं. ही गाडी कुठेतरी भंगारात गेली, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. शेवटी त्यांनी अंकलची माफी मागितली, आणि मग न राहवून विचारलं, "तो लाल रंग कुठला आहे? मला मागवायचा आहे."

मी फोन ठेवला. बाबांनी टेबलावर थाप मारली आणि चक्क मराठीत ओरडले, "खरं बोलला हो तुमचा मित्र!" मला टचकन रडूच आलं. आईने लगेच सगळ्यांना आणखी श्रीखंड वाढलं.

अंकल मात्र पुरी हातात धरून बसून राहिले. मग हळूहळू त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. "मग मगरीचं काय करायचं?" ते म्हणाले. "हे खरं, तर मग मगरही खरी? आणि ती छत्री? चाळीस वर्षं मी त्या माणसाला हसलो!" ते इतके हसले की आईने पाण्याचा पेला पुढे केला.

पाणी पिऊन त्यांनी पेला खाली ठेवला. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण डोळे भरून आले होते. "आणि मग माझ्या बायकोचं?" त्यांनी हळूच विचारलं. "ती कँटीनमध्ये गेली होती? त्याने सांगितलं म्हणून ती हो म्हणाली? तसं असेल, तर मी त्याला एकदाही थँक यू म्हटलेलं नाही." ते बाबांकडे वळले. "तुम्ही सर्व्हेअर, अंकल. तुम्ही सांगा. ते खरं असेल?"

मी बाबांकडे पाहिलं. प्रत्येक क्लेम स्वतंत्र तपासायचा, एक खरा निघाला म्हणून दुसरा खरा ठरत नाही, हे मी लहानपणापासून जेवताना, प्रवासात, दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा ऐकत आले आहे. इथे तर ना साक्षीदार, ना वस्तू, ना ठसा. बाबांनी चष्मा काढला. पुसला. यावेळी परत घातला नाही.

"पास," ते म्हणाले.

अंकलनी मान डोलावली, हात धुतले, आणि "एक मिनिट" म्हणून खाली गेले. बराच वेळ झाला तरी आले नाहीत, तेव्हा मी आणि आई बघायला गेलो. ते गाडीपाशी उभे होते. झेंडूची माळ त्यांनी सरळ केली होती, आणि हिरव्या बॉनेटवर तळहात ठेवून ते हलक्या आवाजात मलायमध्ये एकच गोष्ट परत परत म्हणत होते. "तेरिमा कासी. तेरिमा कासी, आह."

"काय म्हणताहेत?" आईने कुजबुजत विचारलं.

"धन्यवाद म्हणताहेत."

"मग आपण नको मधे जायला," आई म्हणाली, आणि माझा हात धरून तिने मला जिन्याकडे वळवलं.